हँडलवर मोबाईल लावून फिरणाऱ्यांनो, एकदा कॅमेरा उघडून बघा

रंकाळ्याकाठी

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण वेळ काढून वाचा. गावोगावच्या दूध संस्थांमधली दुधाची फॅट मोजायची मशिनं दुरुस्त करायचं माझं काम. आज आजरा, उद्या राधानगरी, परवा शाहूवाडी. एकेका गावात तीन-तीन, चार-चार संस्था, त्यामुळं मॅपशिवाय पान हलत नाही. गाडी 350 सीसी, एकच सिलिंडर, जुन्या बनावटीची. दोन वर्षांपूर्वी हँडलला लोखंडी होल्डर बसवला आणि तेव्हापासून रोज चार-पाच तास मोबाईल त्याच्यातच.

मशीन उघडलं की पाठीमागच्या पट्टीवरचा नंबर आणि आतल्या सर्किटचा फोटो काढून ऑफिसला पाठवावा लागतो. मागच्या महिन्यात भुदरगड भागातल्या एका संस्थेत फोटो काढायला गेलो, तर स्क्रीनवर ती पट्टी थरथरायला लागली. आकडे वाहत्या पाण्यात बघितल्यासारखे हलत होते. वाटलं, आपलाच हात हलतोय. कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला, तरी तेच. मोबाईल कानाशी नेला तर कॅमेऱ्याच्या जागेतून बारीक किरकिर ऐकू येत होती, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत अडकलेल्या किड्यासारखी. शेवटी संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांच्या मोबाईलवर फोटो काढून दिला.

कोल्हापुरात शाहूपुरीत दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं मोबाईल उघडायच्या आधीच विचारलं, "साहेब, गाडीला लावता काय?" कॅमेऱ्याचा पूर्ण भाग बदलावा लागला, साडेचार हजार गेले. तो म्हणाला, मोठ्या सिंगल सिलिंडर गाडीवाल्यांचे असे मोबाईल त्याच्याकडं येतच असतात.

मला दोष कुणाला द्यायचा नाही. पण दोन वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. होल्डर विकणाऱ्यानं नाही, की माझ्यासारखेच लावून फिरणाऱ्या मित्रांनी नाही. आता दुरुस्त केलेला मोबाईल परत त्याच होल्डरमध्ये अडकवायला हात धजत नाही, आणि मॅपशिवाय काम होत नाही. तुम्ही कसं करता ते सविस्तर सांगा.

---

महाद्वारचा_पोरगा

दादा, मी जेवणाची डिलिव्हरी करतो. दिवसाला दहा-दहा तास मोबाईल हँडलवर असतो. माझी 110 ची गाडी आहे, कॅमेऱ्याला अजून काही झालं नाही. पण माझा मोबाईल साधा आहे, त्यात ते न हलणारा व्हिडिओ काढायचं काही नाही. त्यामुळं वाचला असेल काय?

---

उद्यमनगरी

पोरा, नेमकं तेच कारण आहे. माझी उद्यमनगरात लेथची शेड आहे आणि गाड्यांचं कामही बघतो, म्हणून जरा खोलात सांगतो.

महागड्या मोबाईलमध्ये ओआयएस नावाची सोय असते. त्यात कॅमेऱ्याची लेन्स घट्ट बसवलेली नसते, ती बारीक स्प्रिंगांवर आणि लोहचुंबकाच्या जोरावर तरंगती ठेवलेली असते. तुमचा हात डावीकडं हलला की आतला जायरो नावाचा सेन्सर ते ओळखतो आणि लेन्स तेवढीच उजवीकडं सरकवतो, म्हणून फोटो स्थिर येतो. हाताचं थरथरणं सेकंदाला पाच-दहा वेळा. त्याच्यासाठी ही रचना आहे.

आता इंजिनाचं बघा. 3000 आरपीएमवर क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतो, म्हणजे तो जाडजूड पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर जाऊन खाली येतो. त्याला तोलायला दुसरा पिस्टन नाही. ते हादरे चेसिसमधून हँडलमध्ये, हँडलमधून लोखंडी होल्डरमध्ये आणि तिथून थेट त्या स्प्रिंगांवर. तासाला एक लाख ऐंशी हजार दणके होतात, हिशेब करून बघा. नाजूक स्प्रिंग किती दिवस टिकणार?

ही आपल्या शेडमधली गप्पा नाही. ॲपलनं 2021 च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच सूचना काढली होती, की जास्त ताकदीच्या, मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलला आयफोन थेट लावू नका, त्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याची ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतो. स्कूटर, मोपेड किंवा इलेक्ट्रिक गाडीवर हादरे कमी असतात, तरी तिथंही हादरे शोषणारा माउंट वापरा आणि सलग फार वेळ लावून ठेवू नका, असं त्यात लिहिलंय.

सगळ्या 350 गाड्या सारख्या नाहीत, हेही लक्षात घ्या. रॉयल एनफिल्डनं 2020 च्या मीटिऑरपासून जे नवीन इंजिन आणलं, त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे. क्रँकच्या उलट्या दिशेनं फिरणारं वजन म्हणजे बॅलन्सर. त्यानं हादरे बरेच मरतात. जुन्या बनावटीच्या इंजिनात तो नाही. तुम्हाला ती धडधड आवडते, मलाही आवडते. मोबाईलला ती सोसत नाही.

---

रंकाळ्याकाठी

तासाला एक लाख ऐंशी हजार! हे डोक्यातच आलं नव्हतं. मग रबर घालून होल्डर बसवला तर चालेल का? माझ्याकडं जुन्या ट्यूबचे तुकडे पडलेत.

---

उद्यमनगरी

ट्यूबचा तुकडा घालू नका, भावा. त्यानं क्लॅम्पची पकड सैल होते आणि होल्डर झुलायला लागतो. कधीकधी तर उलटं होतं: ठरावीक वेगाला रबरासकट मोबाईल जास्तच नाचतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वर वर जातो ना, तसं. हादरे शोषणारे माउंट तयार मिळतात, त्यात सिलिकॉनचे बूश, म्हणजे मऊ तुकडे, मोबाईलच्या वजनाला जुळवून बसवलेले असतात. क्वाड लॉकसारख्या बाहेरच्या कंपन्या असा भाग वेगळा विकतात, आपल्याकडंही स्वस्तातले मिळतात. घेताना होल्डर हातात धरून मोबाईलची बाजू बोटानं दाबून बघा. थोडं दबून लगेच जागेवर आलं पाहिजे. लटपटलं तर ठेवून द्या.

जागाही महत्त्वाची. हँडलच्या टोकाकडं, मुठीजवळ हादरे जास्त जाणवतात, मध्ये जिथं हँडल टी-ला, म्हणजे पुढच्या फोर्कच्या डोक्याला, आवळलेलं असतं तिथं कमी. होल्डर शक्य तेवढा मध्ये घ्या. आरशाच्या दांड्याला लावलेला मोबाईल तर सगळ्यात जास्त थरथरतो. लांब दांड्याच्या शेवटी वजन बांधल्यासारखंच ते. स्कूटरला दुसरी जागा नसते म्हणून तिथं लावतात, पण स्कूटरचे हादरे वेगळे, कमी.

क्लॅम्प घेताना हँडलचा व्यास मोजून न्या. बहुतेक गाड्यांचं 22 मिलीमीटर असतं, काही नवीन गाड्यांचं मध्ये 28 असतं. चुकीचा घेतला की कितीही आवळा, फिरतच राहतो.

---

येझदीवाला_84

पोरांनो, माझं वय एकाहत्तर. गाडी 1984 ची, अजून स्वतः किक मारतो. मी मोबाईल लावत नाही. निघायच्या आधी रात्री नातवाला मॅप उघडायला सांगतो आणि वहीच्या अर्ध्या पानावर गावं ओळीनं उतरून घेतो. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, गगनबावडा. वळण असेल तिथं बाण काढतो. ते पान टाकीवरच्या बॅगेच्या प्लॅस्टिकखाली सरकवतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या रस्त्याला पाच शब्द पुरतात.

आणि गगनबावड्यात चहाला थांबतोच. खाली करूळनं जायचं की भुईबावड्यानं, हे तिथला चहावाला सांगतो. दरड आली असेल, झाड पडलं असेल, वाहनं अडकली असतील, त्याला घाटातून वर आलेल्या पहिल्या ट्रकवाल्याकडून कळलेलं असतं. 2024 च्या जानेवारीत करूळ घाट रस्त्याच्या कामाला बंद केला, तेव्हाही मला ते आधी चहाच्या टपरीवरच कळलं.

---

रंकाळ्याकाठी

काका, तुमची पद्धत मनापासून पटली. पण मला रोज वेगळं गाव आणि गावात संस्था कुठल्या गल्लीत तेही माहीत नसतं. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी मॅप लागतोच.

---

येझदीवाला_84

मग त्या दोन किलोमीटरसाठी लावा की. बाकीचे पन्नास कशाला?

---

सांगरूळची_सून

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत घरोघरी जाऊन पेशंट बघते. स्कूटरवर आरशाच्या दांड्याला होल्डर आहे. कॅमेऱ्याचं वर आलंच आहे, मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. हे लिहायला मला वर्ष लागलं.

गेल्या जुलैतली गोष्ट. नदीपलीकडच्या गावात अर्धांगवायूचे एक आजोबा होते, पहिलीच व्हिजिट. पाऊस रात्रभर लागून राहिला होता, सकाळी थोडा उघडला. मॅपवर दोन रस्ते दाखवले. एक पुलावरून 19 किलोमीटर, दुसरा 8. मी 8 चा घेतला. उसातून जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला पानं अंगाला घासत होती. मॅपवर रस्ता सरळ नदी ओलांडून जात होता, त्यामुळं पुढं पूल आहे असंच मी धरून चालले. लक्ष स्क्रीनवर, कारण थेंबांमुळं ती सारखी आपोआप हलत होती आणि मी अंगठ्यानं पुसत होते.

ऊस संपला आणि समोर पाणीच. रस्ता उतरत जाऊन पाण्यात शिरत होता. तो पूल नव्हताच, बंधारा होता. आपला कोल्हापुरी बंधारा, कठडे नसलेला. पाण्याच्या वर फक्त एका खांबाचं डोकं दिसत होतं आणि त्याच्याभोवती पाणी वळसे घेत होतं. माझं पुढचं चाक पाण्यापासून चार-पाच हातांवर थांबलं. मॅपवरची निळी रेघ मात्र नदीतून आरपार पुढं गेलेली होती.

मी या मातीतली सून. बंधारे पावसाळ्यात बुडतात हे मला लहान पोरासारखं पाठ असायला हवं. रोज पेपरात येतं, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी बंधारे पाण्याखाली. पण मोबाईल समोर होता म्हणून मी डोळ्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला. काठावर म्हशी घेऊन एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, मागं फिर, पानी अजून चढतंय." मी गाडी वळवली तेव्हा हात इतके कापत होते की साइड स्टँड लावता आला नाही.

उन्हाळ्यात फळ्या घालून पाणी अडवलेलं असतं, तेव्हा त्याच बंधाऱ्यावरून लोक दुचाकीनं ये-जा करतात. म्हणूनच तो मॅपवर रस्ता म्हणून दिसतो. तो वर्षातले आठ महिने खरा असतो आणि चार महिने खोटा. हे बाहेरून आलेल्या माणसाला कळणार कसं? कृपा करून जून ते सप्टेंबर, नदी ओलांडायची असेल तर आधी मॅप बोटांनी मोठा करून बघा आणि पूल की बंधारा हे गावात फोन करून विचारा.

---

रंकाळ्याकाठी

ताई, वाचताना अंगावर काटा आला. तुम्ही सुखरूप आहात, हे महत्त्वाचं. मी स्वतः अशा आठ-दहा बंधाऱ्यांवरून जातो आणि त्यातले निम्मे मॅपनंच दाखवलेले आहेत. आज घरी बसून एकेक तपासतो.

---

येझदीवाला_84

सूनबाई, आजींचं ऐकलंत, बरं केलंत. एक सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजतात, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. ते आकडे रेडिओवर, पेपरात, सगळीकडं येतात. पण बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात. इशारा पातळी आली नाही म्हणजे बंधारा उघडा आहे, असं कुणी समजू नका.

---

महाद्वारचा_पोरगा

ताई, थेंबांमुळं स्क्रीन आपोआप हलते, ते माझं रोजचं दुखणं. पाण्याचा थेंब पडला की मोबाईलला ते बोटच वाटतं. मॅप बारीक होतो, रस्ता बदलतो, एकदा तर आपोआप फोन लागला. पारदर्शक झिपवाली पिशवी वापरून बघितली, पण आतून वाफ धरते आणि उन्हाळ्यात मोबाईल भट्टी होतो. आता पावसात मी स्क्रीन लॉक करून फक्त आवाज ठेवतो. डाव्या कानाजवळ हेल्मेटच्या गादीखाली छोटा ब्लूटूथ स्पीकर बसवलाय. "दोनशे मीटरवर उजवीकडे" ऐकलं की बास. उजवा कान मोकळा, हॉर्न ऐकू येतो.

अजून एक. चार जबड्यांचा होल्डर घेतला तर जबडा बटणावर येत नाही ना, ते बघा. माझा एक जबडा बंद-चालूच्या बटणावर बसला होता, खड्ड्याखड्ड्याला बटण दाबलं जायचं. बऱ्याच मोबाईलमध्ये ते लागोपाठ पाच वेळा दाबलं की आपत्कालीन फोन लागतो.

---

भवानी_मंडप

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी लिहितो, कारण याबद्दल गैरसमज बरेच आहेत. 1 ऑक्टोबर 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. गाडी चालवताना मोबाईलचा वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी करता येतो, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. म्हणजे होल्डरमध्ये मॅप चालतो. त्याच होल्डरमध्ये आलेला मेसेज वाचणं चालत नाही, व्हिडिओ तर नाहीच. हातात मोबाईल धरून चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवणं म्हणून धरलं जातं. 2019 च्या सुधारणेनंतर पहिल्या वेळचा दंड 1000 ते 5000 रुपये आहे आणि कैदेचीही तरतूद आहे.

पण दंडापेक्षा मला भीती वेगळी वाटते. ताशी 60 च्या वेगानं जाताना दोन सेकंद स्क्रीनकडं बघितलं, तर 33 मीटर रस्ता न बघता गेला. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहिलेत ना? मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं भरलेला, वाढं बाहेर लोंबतंय. त्यात स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर असला की समोरचा अंधार आणखी गडद होतो. नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर मी मॅप बघत नाही. फक्त ऐकतो.

---

उद्यमनगरी

वकीलसाहेबांशी शंभर टक्के सहमत. रात्री लावायचाच असेल तर मॅपची स्क्रीन काळी ठेवा आणि उजेड एकदम कमी.

चार्जिंगबद्दल दोन शब्द लिहितो, कारण जळालेल्या वायरिंगच्या गाड्या शेडमध्ये येतात. चार्जिंगचं सॉकेट हेडलाइटच्या वायरीला जोडू नका. बॅटरीवरून वेगळी वायर घ्या, मध्ये फ्यूज टाका, आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून ते किल्लीवर चालू-बंद होईल असं करा. नाहीतर गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. स्कूटरच्या छोट्या बॅटरीला तर तेवढंही लागत नाही. पावसात सॉकेटचं झाकण लावा आणि मोबाईलची पिन काढून ठेवा. ओल लागली की बरेच मोबाईल स्वतःच चार्जिंग नाकारतात, ते त्यांच्या भल्यासाठीच असतं. फुंकर मारून जबरदस्तीनं लावू नका.

एप्रिल-मेमध्ये उन्हात मोबाईल तापून उजेड आपोआप कमी होतो आणि चार्जिंग थांबतं. मोबाईल बिघडला म्हणून लोक घाबरतात. आयफोनसाठी तर बाहेरची हवा 35 अंशांपर्यंतच चालेल असं कंपनीच सांगते, आणि आपल्याकडं पारा त्याच्या वर जातोच. सावलीत दहा मिनिटं थांबा, तुम्हीही पाणी प्या. थंड पाणी मोबाईलवर मात्र ओतू नका.

---

गारगोटी_एक्स्प्रेस

दाजीपूरच्या जंगलात आणि घाटांत रेंज जाते, तेव्हा काय करता? माझा मॅप तिथंच गोठतो.

---

महाद्वारचा_पोरगा

घरून निघताना वायफायवर त्या भागाचा मॅप उतरवून ठेव. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं. रेंज लागते ती मॅपचं चित्र आणायला आणि वाहतूक कळायला. चित्र आधीच मोबाईलमध्ये असलं की जंगलातही बाण चालत राहतो. फक्त रेंज असतानाच रस्ता सुरू करून निघ, रेंज नसताना जागा सापडायला पहिल्यांदा वेळ लागतो.

---

रंकाळ्याकाठी (पंधरा दिवसांनी)

मंडळी, सगळ्यांचं ऐकून काय केलं ते सांगतो. घरात बायकोचा पाच वर्षं जुना मोबाईल पडून होता, बॅटरी बरी, कॅमेरा साधा, ओआयएस नाही. तो आता गाडीचा मोबाईल. नवा मोबाईल जॅकेटच्या आतल्या खिशात, त्याचं हॉटस्पॉट चालू. अंग हादरे शोषून घेतं, त्यामुळं तिथं तो सुरक्षित. लोखंडी होल्डर काढला, सिलिकॉन बूशवाला घेतला आणि उद्यमनगरीदादांच्या शेडवर जाऊन हँडलच्या मध्ये बसवून घेतला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. मोबाईलला एक बारीक नाडीही बांधली आहे, होल्डरमधून सुटला तरी रस्त्यावर पडू नये म्हणून.

आणि काकांचं पान सुरू केलंय. रात्री गावं लिहितो, सकाळी टाकीवर लावतो. परवा आजऱ्याला गेलो, तेव्हा शेवटच्या फाट्यापर्यंत मोबाईलची स्क्रीन बंदच होती. फाट्यावर थांबलो, स्क्रीन चालू केली, संस्था सापडली. वाटेत हिरण्यकेशीला किती पाणी आलंय ते बघितलं. दोन वर्षं त्या रस्त्यानं जातोय, पण नदीकडं नीट बघितलं ते परवाच.

एक प्रश्न राहिलाय. बंधाऱ्यांची यादी करतोय: कुठल्या गावांच्या मध्ये, कुठल्या नदीवर, साधारण कधी बुडतो. माझी बावीस झालीत. ज्याला आपल्या भागातले माहीत आहेत त्यानं इथं लिहा, मी वहीत चढवतो.

---

सांगरूळची_सून

दादा, माझ्याकडचे अकरा रात्री टाकते. आत्ताचं महत्त्वाचं आधी लिहिते: आज पहाटे राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. कसबा बावड्यातून वडणग्याकडं जाणाऱ्यांनी शिवाजी पुलावरून जा. मॅप अजून बंधाऱ्यावरूनच दाखवतोय, मी आत्ताच बघितलं.